देव्हाऱ्यातला रुपया घासू नका: जुन्या चांदीच्या नाण्याची ग्रेड कशी ठरते

चांदीचा भाव चढला की जुन्या घरांतल्या पेट्या उघडतात. २०२५ मध्ये चांदीने किलोला १ लाख रुपयांचा टप्पा मागे टाकला आणि गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत पणजीआजीच्या काळचे राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) रुपये, पोर्तुगीज अमदानीतले 'रुपिया' पुन्हा हातात घेतले जाऊ लागले. मोबाईलवर तर 'हे नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो मिळवा' अशा जाहिराती बारा महिने फिरत असतात. अशा वेळी घरातला माणूस नाणं सापडल्यावर पहिली गोष्ट काय करतो? चिंच किंवा आमसूल घेऊन ते लख्ख घासतो. नाण्याचं सगळ्यात मोठं नुकसान नेमकं त्या पाच मिनिटांत होतं. शंभर वर्षांत झालं नाही इतकं. हे का, ते कळायला जाणकार माणूस नाण्यात काय पाहतो ते आधी समजून घ्यायला हवं.

एकाच रुपयाच्या दोन किमती

पहिली किंमत धातूची. ब्रिटिश हिंदुस्थानचा १८३५ ते १९३९ या काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के, बाकीचं मुख्यतः तांबं. निव्वळ चांदी भरते १०.७ ग्रॅमच्या आसपास. किलोचा भाव १ लाख धरला तर तिचे होतात साधारण १,०७० रुपये. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली. १९४६ आणि १९४७ चे रुपये निकेलचे आहेत. ते लोहचुंबकाला चिकटतात, आणि त्यांत चांदी अजिबात नाही.

गोव्याचा हिशेब याच्याशी जोडलेला आहे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये तह झाला आणि त्याबरोबर दोन्हीकडचं चलन एका मापाला आणलं गेलं. म्हणूनच पोर्तुगालच्या लुईस राजाचा १८८१-८२ चा रुपिया वजनाला आणि कसाला राणीछाप रुपयाइतकाच आहे. कार्लोस राजाचा १९०३ चा आणि प्रजासत्ताकाचा १९१२ चा रुपियाही त्याच वजनाचा. १९३५ चा १२ ग्रॅमचा, कस तोच. १९४७ चाही १२ ग्रॅमचा, पण चांदी निम्मी. १९५२ च्या रुपियात चांदी उरलीच नाही. घरात 'चांदीचा रुपिया' म्हणून जपलेलं नाणं १९५२ चं निघालं तर वाईट वाटून घेऊ नये. आठवण म्हणून त्याचं मोल वेगळंच आहे.

दुसरी किंमत संग्राहकाची. ती नाण्याची दुर्मिळता, त्याला असलेली मागणी आणि नाण्याची अवस्था यांवर ठरते. नुसतं वय इथे फारसं बोलत नाही. पंचम जॉर्जचे १९१२ ते १९२० या काळातले रुपये प्रचंड संख्येने पाडले गेले, ते आजही सर्रास मिळतात. उलट १९३९ चा चांदीचा रुपया त्यांच्याहून कितीतरी दुर्मिळ आहे. १९११ च्या रुपयाला मागणी आहे ती वेगळ्या कारणाने. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो लोकांना डुकरासारखा दिसला. तक्रारी झाल्या आणि १९१२ पासून चित्र बदललं.

साल आणि टांकसाळ आपल्या हातात नसते. अवस्था मात्र असते, निदान ती आणखी बिघडू न देणं तरी.

ग्रेड म्हणजे काय

टांकसाळीतून बाहेर पडलं तेव्हा नाण्याचा पृष्ठभाग जसा होता, त्यातलं आज किती उरलं आहे, याचं मोजमाप म्हणजे ग्रेड. बाजारात ती इंग्रजी आद्याक्षरांनी सांगतात. 'व्हीजी' म्हणजे चेहऱ्याची बाह्यरेषा आणि अक्षरं उरली आहेत, आतली नक्षी गेली आहे. 'एफ' आणि 'व्हीएफ' म्हणजे झीज आहे, पण मुख्य तपशील वाचता येतो. 'एक्सएफ' म्हणजे फक्त सगळ्यात उंच भाग किंचित घासले आहेत. 'एयू' म्हणजे हाताळणीची नुसती चाहूल. 'युएनसी' म्हणजे व्यवहारात न फिरलेलं.

या अक्षरांसोबत १ ते ७० असा आकडाही लावतात. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ही पट्टी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी बनवली. ७० ग्रेडच्या नाण्याला १ ग्रेडच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत, असा त्यामागचा मूळ विचार होता. तो किमतीचा हिशेब केव्हाच मोडला, पट्टी मात्र जगभर पसरली. ६० आणि त्यापुढचे सगळे आकडे न फिरलेल्या नाण्यांचे.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. न फिरलेलं नाणं म्हणजे निर्दोष नाणं असं ते धरून चालतात. टांकसाळीतून हजारो रुपये एकाच थैलीत भरून निघायचे, एकमेकांवर आदळायचे. त्या धक्क्यांचे ओरखडे नव्या कोऱ्या रुपयाच्या गालावरही असतात. त्यामुळे ६० ग्रेडचं नाणं कित्येकदा ५८ ग्रेडच्या नाण्यापेक्षा दिसायला खराब असतं. मला स्वतःला असं देखणं ५८ नेहमीच जास्त आवडतं.

झीज कुठे शोधायची

नाणं दोन बोटांत कडेला धरायचं, खाली मऊ फडकं अंथरायचं, ट्यूबलाईट बंद करून एकच दिवा ठेवायचा. सोनाराकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग पुरतं. मग आधी उंचवटे पाहायचे, कारण नाणं तिथेच आधी घासतं.

राणीच्या रुपयावर कपाळामागचे आणि कानावरचे केस, मुकुटाची वरची रत्नं आणि छातीवरच्या वस्त्राची वेलबुट्टी पाहायची. वस्त्रावरची नक्षी सपाट झाली असेल तर नाणं 'एक्सएफ' म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नये. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून त्याच्या कानावरचे केस, कानाची पाळी आणि दाढी पाहायची. पंचम जॉर्जच्या बाबतीत मुकुटातले मोती, मिशी आणि झग्यावरचा हत्ती. लुईस राजाच्या रुपियावर कानावरच्या केसांच्या बटा आणि भुवई. १९१२ च्या रुपियावर प्रजासत्ताकाची प्रतिमा असलेल्या स्त्रीचे केस आणि गाल.

आकृतीभोवतीची मोकळी जागा त्यानंतर पाहायची. डाग, खोलवर ओरखडे, सराफाने कस पाहायला मारलेला ठोका तिथे लगेच दिसतो. कड विसरायची नाही. कडेच्या दात्यांत एखाद्या जागी रेघा बुजल्या असतील तर तिथे कधीकाळी कडी डाखलेली होती. गळ्यात घालायला रुपयांच्या माळा आपल्याकडे घरोघर होत्या, आणि कडी काढून, कड घासून असं नाणं 'जसंच्या तसं' म्हणून विकायला येतं. त्याला आकड्याची ग्रेड मिळत नाही. दागिना म्हणून ते कितीही सुंदर असो.

झीज की मुळातच पुसट ठसा?

यात अनुभवी माणूसही थबकतो. नाणं पाडताना वरचा आणि खालचा ठसा यांच्यामध्ये धातूची चकती जोराने दाबली जाते. एका बाजूला खोल कोरलेला चेहरा आणि त्याच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूलाही खोल नक्षी असेल, तर मधला धातू दोन्हीकडे पुरत नाही. दाब कमी पडला किंवा ठसा वापरून वापरून बोथट झाला तरी तेच. नाणं मग जन्मतःच केसांशी नाहीतर मुकुटाशी सपाट असतं.

ओळखायचं कसं? पुसट भागावर उजेड तिरपा पाडायचा. ठसाच उमटला नसेल तर त्या भागाचा पोत आजूबाजूच्या मोकळ्या जागेसारखाच असतो, झळाळीही सलग असते. झीज झाली असेल तर तो भाग नितळ, करडा आणि भोवतालापेक्षा वेगळा दिसतो. दुसरी खूण कडेजवळच्या अक्षरांची. चेहरा सपाट आणि अक्षरं मात्र धारदार असतील तर दोष ठशाचा असण्याचा संभव जास्त. जो फक्त चेहरा पाहून ग्रेड सांगतो, तो अशा नाण्याला हकनाक दोन पायऱ्या खाली ढकलतो.

घासलेलं नाणं वाया कसं जातं

दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते. सरकताना पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक रेषा सोडून जाते. कोरं नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं की या रेषांवरून उजेडाचा एक पट्टा गोल फिरताना दिसतो. टांकसाळी झळाळी म्हणतात ती हीच. अंगण शेणाने सारवलं की हाताच्या फेऱ्यांचे अर्धगोल उमटतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ते चमकतात, तसंच हे. अंगण खराट्याने खरडून धुतलं तर स्वच्छ होईल, पण ते अर्धगोल जातील. फरक इतकाच की अंगण उद्या पुन्हा सारवता येतं. नाण्याला पुन्हा ठशाखाली घालता येत नाही.

चिंच, आमसूल, रांगोळी, राख, दातांची पावडर, भांडी घासायची जाळी यांतलं काहीही चांदीवर चोळलं की त्या रेषा तुटतात आणि त्यांच्या जागी एका दिशेने जाणारे बारीक ओरखडे येतात. साध्या नजरेला नाणं पांढरं आणि चकचकीत दिसतं. पण एका दिव्याखाली फिरवलं की पट्टा गोल फिरत नाही. सगळीकडून एकसारखा बोथट उजेड परत येतो, आणि भिंगातून केसांसारख्या रेषा दिसतात. जाणकाराला हे ओळखायला दहा सेकंद लागतात.

सोनाराकडचं 'डिप' जरा वेगळं. त्या आम्लात नाणं बुडवलं की काळा थर विरघळतो, पण त्याच्याबरोबर चांदीचा अतिशय पातळ पापुद्राही जातो. दोनतीनदा बुडवलेलं नाणं मेल्यासारखं पांढरं दिसतं. नाणं प्रमाणित करणाऱ्या परदेशी कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता 'साफ केलेलं' असा शेरा मारतात, आणि किंमत तिथेच कोसळते.

काळं पडणं हा रोग आहे का?

बहुतेक वेळा नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची क्रिया होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर फार पातळ असतो तेव्हा प्रकाशाच्या गुणामुळे आधी पिवळसर, मग तांबूस-जांभळा, मग निळा दिसतो. तो वाढला की करडा आणि शेवटी काळा होतो. रंग कडेकडून आत चढत गेला असेल आणि त्याखालून झळाळी जिवंत असेल, तर असं नाणं पांढऱ्या नाण्यापेक्षा जास्त मोलाचं ठरू शकतं. संग्राहक त्यालाच आधी हात घालतात, कारण त्या पृष्ठभागाला कुणी छेडलेलं नाही याचा तो पुरावा असतो.

अर्थात रंगही बनवता येतो. गंधकाची वाफ किंवा उष्णता देऊन भडक निळं-जांभळं केलेलं नाणं बाजारात येतं. त्यात रंगाची चढण अचानक तुटते आणि उंचवट्यांची पर्वा न करता डाग पसरलेले दिसतात.

हिरवं दिसलं तर मात्र सावध व्हायचं. रुपयातल्या तांब्यावर ओल आणि खारी हवा काम करते तेव्हा हिरवट भुकटी येते आणि ती धातू खाते. नरम प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो तो त्या प्लास्टिकमधल्या पीव्हीसीचा. तो शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. अ‍ॅसिटोन धातूला धरत नाही. मात्र ते चटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि चूल-समई लांब. नखांच्या रंगाचा रिमूव्हर त्याच्या जागी चालत नाही, त्यात इतर भर असते.

पण देवापुढे काळं नाणं कसं ठेवायचं?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. चवथीच्या आधी समया, तबकं, तांब्या घासायला निघतात, त्यांच्यासोबत देव्हाऱ्यातला रुपयाही निघतो. लक्ष्मीपूजनाला त्याच्यावर हळदकुंकू चढतं. पिढ्यान्‌पिढ्यांची ती रीत आहे आणि एखाद्या घराने ती तशीच चालू ठेवायची म्हटलं तर त्यात गैर काही नाही. पूजेतला तो रुपया पूजेतच राहू द्यावा. घरात आणखी नाणी असतील तर ती वेगळी काढून जशी आहेत तशी ठेवावीत, आणि नव्याने पूजेसाठी हवं असेल तर सराफाकडे आज बनलेले चांदीचे शिक्के मिळतात ते घ्यावेत. त्यांतल्या काहींवर राणीचा किंवा राजाचा चेहरा असतो. जुने म्हणून ते कुणी विकले तर वजन पाहावं. ११.६६ ग्रॅमपेक्षा भलतंच वेगळं असेल, अक्षरं फुगीर आणि कड ओबडधोबड असेल, तर ते त्या काळचं नाणं नव्हे.

जुन्या नाण्यावर कुंकू बसलंच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवावं आणि सुती कपड्यावर टेकवून टिपावं. पुसायचं नाही.

विकायचंच नसेल तर ग्रेडशी काय देणंघेणं?

देणंघेणं आहे, कारण झीज आणि घासणं नाण्यावरची माहितीही नेतात. व्हिक्टोरियाचे रुपये १८६२ हेच साल टाकून १८७४ पर्यंत पाडले जात होते. त्यांतले प्रकार वेगळे करायला मागच्या बाजूवरचे बारीक ठिपके मोजावे लागतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे खालच्या कमळाशी असलेला एवढासा उठावदार ठिपका. कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो. राखेने चार वेळा घासलेल्या रुपयावर असा ठिपका उरत नाही, आणि मग ते नाणं कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या गोव्याच्या जुन्या नाण्यांबाबत हे दुप्पट खरं. यंत्र येण्यापूर्वीचे झेराफिम (हेही चांदीचं नाणं) आणि रुपिया हातोड्याने ठोकून पाडलेले. चकती वेडीवाकडी, ठसा एका बाजूला सरकलेला, राजाचं नाव अर्धं बाहेर गेलेलं. त्यांना शेल्डनची पट्टी लावणं मला पटत नाही. तिथे पाहायचं ते असं: ठसा किती मधोमध बसला, साल वाचता येतं का, आणि राजचिन्हाच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'ए' ही गोव्याची अक्षरं किंवा 'डी' आणि 'ओ' ही दीवची अक्षरं शाबूत आहेत का. चेहरा पार पुसट पण साल आणि टांकसाळीची अक्षरं स्पष्ट, असा तुकडा अभ्यासकाला देखण्या पण बिनसालाच्या नाण्यापेक्षा जास्त प्रिय असतो.

ग्रेड म्हणजे शेवटी कुणाचं तरी मतच ना?

हो, मतच. तेच नाणं दोन जाणकारांनी पाहिलं तर एक ४५ म्हणेल, दुसरा ५०. पण एक २० आणि दुसरा ५५ म्हणत असेल, तर त्यांतल्या एकाला नाणी कळत नाहीत किंवा त्याला ते विकायचं आहे. मतांमधली ही दरी कमी करायला १९८६ आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासून आकड्यासह प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देतात. बाजारात तिला 'स्लॅब' म्हणतात. सोय मोठी आहे, पण बनावट स्लॅबही निघतात, म्हणून त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. आणि स्लॅबमधलंही नाणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. नुसत्या फोटोवरून खात्रीची ग्रेड कुणी देऊ शकत नाही. झळाळी आणि केसांसारख्या रेषा नाणं हलवल्याशिवाय दिसतच नाहीत.

एक कायद्याची बाब. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १८८२ चा किंवा १९१२ चा रुपिया पाकिटात घालून परदेशी धाडणं गुन्हा आहे, मग हेतू फक्त ग्रेड करून आणण्याचा का असेना.

विकायचं ठरलं तर

दोन आकडे वेगवेगळे विचारावेत: चांदी म्हणून किती आणि नाणं म्हणून किती. 'व्हीजी' अवस्थेतला, सर्रास मिळणाऱ्या सालाचा रुपया असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतील, आणि ते ठीकच आहे. साल दुर्मिळ किंवा पृष्ठभाग न छेडलेला असेल तर नाण्यांच्या लिलावात किंवा प्रदर्शनात दोनतीन व्यापाऱ्यांना दाखवल्याशिवाय हातचं सोडू नये. मोबाईलवरच्या 'लाखो मिळवा' वाल्याने नोंदणी फी, कमिशन किंवा कर म्हणून आधी पैसे मागितले तर तिथेच थांबावं. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जातात म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशाराच दिला होता: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक नाही, आणि तिने त्यासाठी कुणाला नेमलेलंही नाही.

तोवर नाणी मायलरच्या (पारदर्शक पॉलिस्टरच्या) किंवा पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत, एका पाकिटात एकच, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. सोबत सिलिका जेलची पुडी, जी पावसाळ्यात अधूनमधून बदलावी लागते. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि डांबराच्या गोळ्या डब्याच्या आसपासही नकोत.